इंधनाचे कॅलरीमूल्य वाचायचे कसे? उष्णतेच्या एककांपासून प्रत्यक्ष हिशोबापर्यंत

एकाच ढिगातला कोळसा. प्रयोगशाळेच्या अहवालात त्याचे कॅलरीमूल्य (किलोभर इंधन जाळून मिळणारी उष्णता) ६,००० लिहिलेले आहे, खरेदीच्या कागदावर ५,३६८, बॉयलरच्या हिशोबात ५,०७० आणि आणखी कुठल्याशा तक्त्यात नुसतेच २१.२. नवखा माणूस इथेच अडखळतो आणि यातला कोणीतरी लबाडी करतोय अशी त्याची खात्री पटते. प्रत्यक्षात हे चारही आकडे बरोबर असू शकतात. ते तसे कसे असतात हे पुढे येईलच.

इंधनाच्या उष्णतेचा आकडा समोर आला की चार प्रश्न विचारायचे. एकक कोणते? स्थूल की निव्वळ? इंधन ओले असताना मोजले की वाळवून? आणि इंधन वायुरूप असेल, तर घनमीटर कोणत्या तापमानाचा? या चारांची उत्तरे नसतील तर तो आकडा वापरू नये, असे माझे सरळ मत आहे. गणित म्हणाल तर गुणाकार-भागाकारापलीकडे काही लागत नाही.

पायरी १ : ऊर्जा आणि शक्ती यांची सरमिसळ थांबवा

तापमान म्हणजे उष्णता नव्हे. उडालेल्या ठिणगीचे तापमान हजार अंशांच्या घरात असते, पण तिच्यात उष्णता नगण्य. बादलीभर कोमट पाण्यात तिच्या कित्येक पट उष्णता असते. हे बहुतेकांना शाळेपासून माहीत असते. खरी गफलत पुढे होते, ऊर्जा आणि शक्ती यांच्यात.

ऊर्जा म्हणजे एकूण किती उष्णता लागली किंवा मिळाली. शक्ती म्हणजे ती कोणत्या वेगाने मिळाली. ज्यूल, कॅलरी, बीटीयू, किलोवॉट-तास ही ऊर्जेची एकके. वॉट, किलोवॉट, बीटीयू प्रति तास, किलोकॅलरी प्रति तास ही शक्तीची. एक वॉट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल. १ लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला ७५ किलोकॅलरी, म्हणजे ३१४ किलोज्यूल लागतात. २ किलोवॉटची किटली सेकंदाला २ किलोज्यूल देते, तेव्हा काहीही वाया गेले नाही तर हे काम १५७ सेकंदांत होते. किटली १ किलोवॉटची घेतली तर वेळ दुप्पट होईल, ऊर्जा तेवढीच लागेल.

एअर कंडिशनरच्या बाबतीत ही गल्लत सर्रास दिसते. '१२,००० बीटीयूचा एसी' म्हणतात तेव्हा त्यातले 'प्रति तास' गिळलेले असते. १२,००० बीटीयू प्रति तास म्हणजे एक टन शीतन, म्हणजेच ३.५१७ किलोवॉट. हा टन आला बर्फावरून : २,००० पौंड बर्फ २४ तासांत वितळताना जेवढ्या वेगाने उष्णता शोषून घेतो, तो वेग. आणि हे ३.५१७ किलोवॉट म्हणजे खोलीतून बाहेर काढलेली उष्णता. यंत्राला लागणारी वीज त्याहून बरीच कमी असते.

पायरी २ : चार एकके ओळखून ठेवा

ज्यूल हे आंतरराष्ट्रीय पद्धतीचे एकक. ते फार छोटे असल्यामुळे व्यवहारात किलोज्यूल, मेगाज्यूल (दहा लाख ज्यूल) आणि गिगाज्यूल (शंभर कोटी ज्यूल) वापरतात. हे एकक ज्याच्या नावाचे, त्या जेम्स प्रेस्कॉट ज्यूलने १८४० च्या दशकात वजने खाली सोडून पाण्यातली फिरकी फिरवली आणि पाणी किती तापते ते मोजले. १८५० साली त्याने मांडलेला आकडा असा : एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला ७७२ फूट-पौंड कार्य लागते. आजचे मूल्य सुमारे ७७८ आहे. ज्या काळी पाण्याच्या तापमानातला अंशाचा अगदी लहानसा भाग नुसत्या डोळ्यांनी वाचावा लागत होता, त्या काळी एक टक्क्याच्या आत पोहोचणे ही साधी गोष्ट नव्हे.

कॅलरी म्हणजे एक ग्रॅम पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला लागणारी उष्णता. पण पाण्याला लागणारी उष्णता तापमानानुसार किंचित बदलते, म्हणून कॅलरीच्या एकाहून जास्त व्याख्या झाल्या. अभियांत्रिकीत ४.१८६८ ज्यूल, तर रसायनशास्त्रात ४.१८४ ज्यूल. फरक हजारात एकाहूनही कमी. रोजच्या हिशोबात तो विसरून जा. दोन तक्त्यांतले शेवटचे अंक जुळत नसतील तर कारण बहुधा हेच असते. इंधनासाठी किलोकॅलरी वापरतात. खाद्यपदार्थांच्या पाकिटावरची 'कॅलरी'सुद्धा खरे तर किलोकॅलरीच असते.

बीटीयू म्हणजे ब्रिटिश थर्मल युनिट. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला लागणारी उष्णता, सुमारे १,०५५ ज्यूल. नैसर्गिक वायूचे सौदे आजही बहुतांशी याच्या पटींत होतात.

किलोवॉट-तास म्हणजे विजेच्या बिलावरचे 'युनिट'. ३.६ मेगाज्यूल, नेमके.

आता पाठ करायचे किंवा भिंतीवर चिकटवायचे आकडे :

१ किलोकॅलरी = ४.१८६८ किलोज्यूल = ३.९६८ बीटीयू
१ किलोवॉट-तास = ३.६ मेगाज्यूल = ८६० किलोकॅलरी = ३,४१२ बीटीयू
१ मेगाज्यूल = २३९ किलोकॅलरी = ९४८ बीटीयू
१ थर्म = १,००,००० बीटीयू = १०५.५ मेगाज्यूल = २९.३ किलोवॉट-तास
१० लाख बीटीयू = १.०५५ गिगाज्यूल = २,५२,००० किलोकॅलरी = २९३ किलोवॉट-तास
१ टन तेल-समतुल्य = १ कोटी किलोकॅलरी = ४१.८६८ गिगाज्यूल
१ टन कोळसा-समतुल्य = ७० लाख किलोकॅलरी = २९.३ गिगाज्यूल
१ किलोकॅलरी प्रति किलो = १.८ बीटीयू प्रति पौंड

शेवटची ओळ अनेकांना चकवते. एका किलोकॅलरीत जवळजवळ चार बीटीयू असतात, मग चारने गुणायचे ना? नाही. किलोचा पौंडही झालेला असतो आणि एका किलोत २.२०५ पौंड असतात. ३.९६८ ला २.२०५ ने भागले की १.८ मिळते. छेदातले वजनाचे किंवा आकारमानाचे एकक बदलले आहे का, हे दर वेळी तपासा.

दुसरा सापळा 'एमएमबीटीयू'चा. इथला 'एम' रोमन हजाराचा. दोन एम म्हणजे हजार गुणिले हजार, म्हणजे दहा लाख. त्या न्यायाने एकच एम असलेला 'एमबीटीयू' म्हणजे हजार बीटीयू. पण मेगाची सवय असलेले काही जण त्याच एमबीटीयूचा अर्थ दहा लाख घेतात. हजारपटीचा घोळ! एक एम दिसला की लिहिणाऱ्याला विचारा. तो हाताशी नसेल तर उत्तराची अक्कलहुशारीने पडताळणी करा. एक किलो पेट्रोल किंवा डिझेलमधून साधारण ४० हजार बीटीयू मिळतात, ४० लाख नव्हे आणि ४० सुद्धा नव्हे.

माझी पद्धत : कुठल्याही एककात आकडा आला की आधी तो मेगाज्यूल प्रति किलोमध्ये बदलायचा, सगळा हिशोब त्यात करायचा आणि समोरच्याला हवे ते एकक अगदी शेवटी द्यायचे. तुम्ही किलोकॅलरी धरा, हरकत नाही, पण हिशोबाच्या मधोमध गाडी बदलू नका.

पायरी ३ : कॅलरीमूल्य म्हणजे नेमके काय आणि ते मोजतात कसे

इंधनाची ठरावीक मात्रा पूर्णपणे जाळली आणि ज्वलनातून निघालेले वायू पुन्हा सुरुवातीच्या तापमानाला, म्हणजे साधारण २५ अंशांना आणले, तर एकूण जेवढी उष्णता बाहेर पडते ते कॅलरीमूल्य. 'पूर्णपणे' हा शब्द महत्त्वाचा. एक किलो कार्बन पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड झाला तर ३२.८ मेगाज्यूल मिळतात. हवा कमी पडून तो कार्बन मोनॉक्साइडवरच थांबला तर फक्त ९.२. उरलेली ७२ टक्के उष्णता त्या विषारी वायूबरोबर चिमणीतून निघून जाते. कॅलरीमूल्य हा इंधनाचा गुण आहे. तुमच्या भट्टीची कुवत त्यात मोजलेली नसते.

घन आणि द्रव इंधनांसाठी बाँब कॅलरीमापी वापरतात. पोलादी जाड भांड्यात साधारण एक ग्रॅम नमुना ठेवतात, आत सुमारे ३० वातावरण दाबाचा ऑक्सिजन भरतात, भांडे पाण्यात बुडवतात आणि विजेच्या तारेने नमुना पेटवतात. पाणी किती तापले यावरून उष्णता काढतात. ग्रॅमभर चांगला कोळसा जाळला तर पाण्याचे तापमान जेमतेम दोन-तीन अंशांनी चढते, म्हणून तापमापी अंशाचा हजारावा भाग वाचणारी लागते. उपकरणाची जुळणी बेंझॉइक आम्लाच्या गोळीने करतात. त्याचे मूल्य ग्रॅमला २६.४३ किलोज्यूल असे पक्के ठरलेले आहे. वायूंसाठी वेगळे उपकरण असते : वाहता वायू बर्नरमध्ये जळत राहतो आणि भोवतीने वाहणारे पाणी त्याची उष्णता घेते. आता मात्र पुष्कळ ठिकाणी वायूचे घटक मोजून कॅलरीमूल्य गणितानेच काढतात.

नमुना नीट घेतला नसेल तर यातल्या कशाचाच उपयोग नाही. ढिगाच्या एकाच कोपऱ्यातून उचललेल्या चार ढेकळांवर हजारो टनांचा निकाल लावणारे लोक असतात, आणि मग ते उपकरणाला दोष देतात.

पायरी ४ : स्थूल की निव्वळ?

सगळ्यात जास्त वाद इथेच होतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

इंधनातला हायड्रोजन जळला की पाणी तयार होते. वजनाने एक भाग हायड्रोजनापासून नऊ भाग पाणी. शिवाय इंधनात मुळात ओलावा असतोच. हे सगळे पाणी ज्वाळेत वाफ होते. बाँब कॅलरीमापीत भांडे शेवटी थंड होते, वाफेचे पुन्हा पाणी होते आणि वाफ होताना घेतलेली उष्णता परत मिळते. तीही धरून आलेला आकडा म्हणजे स्थूल कॅलरीमूल्य, ज्याला व्यवहारात जीसीव्ही किंवा 'उच्च' मूल्य म्हणतात. पण बहुतेक बॉयलर, भट्ट्या आणि इंजिनांत धुराचे तापमान १०० अंशांच्या बरेच वर असते. पाणी वाफ म्हणूनच चिमणीतून बाहेर पडते आणि तिच्यातली अप्रकट उष्णता परत मिळत नाही. तेवढी वजा केली की निव्वळ मूल्य, एनसीव्ही किंवा 'निम्न' मूल्य, मिळते.

२५ अंशांना एक किलो पाण्याची वाफ व्हायला २.४४२ मेगाज्यूल, म्हणजे ५८३ ते ५८४ किलोकॅलरी लागतात. म्हणून सूत्र :

निव्वळ = स्थूल − २.४४२ × (९ × हायड्रोजन + ओलावा)

हायड्रोजन आणि ओलावा हे एक किलो इंधनातले किलो, म्हणजे ४ टक्के असेल तर ०.०४. किलोकॅलरीत काम करत असाल तर २.४४२ च्या जागी ५८४ घ्या. एक सावधगिरी : इथला हायड्रोजन कोरड्या इंधनपदार्थातला हवा. काही अहवालांत ओलाव्यातला हायड्रोजनही त्याच आकड्यात मिसळलेला असतो. तसे असेल तर ओलावा दोनदा वजा होईल.

फरक किती पडतो? इंधनात हायड्रोजन जितका जास्त, तितका मोठा. शुद्ध कार्बनात शून्य. कोळशात ओलाव्याप्रमाणे तीन ते सहा टक्के. डिझेल-पेट्रोलमध्ये सहा-सात टक्के. मिथेनमध्ये दहा टक्के. हायड्रोजनमध्ये पंधरा टक्क्यांच्या वर.

याचा एक गमतीदार परिणाम बाजारात दिसतो. धुरातली वाफ मुद्दाम थंड करून तिची उष्णता वसूल करणारे कंडेन्सिंग बॉयलर असतात, आणि त्यांच्या जाहिरातीत कार्यक्षमता '१०५ टक्के' छापलेली असते. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम मोडलेला नाही. त्यांनी छेदात निव्वळ मूल्य घेतले आहे आणि अंशात मात्र वाफेची उष्णता मोजली आहे. मिथेनचे स्थूल मूल्य निव्वळच्या १.११ पट असते, म्हणून निव्वळवरचे १०५ टक्के म्हणजे स्थूलवरचे सुमारे ९५ टक्के. तेच यंत्र, तेच काम.

नियम सोपा आहे. कार्यक्षमता ज्या मूल्यावर काढली असेल तेच मूल्य इंधनाला लावा. स्थूलवरची कार्यक्षमता आणि निव्वळ मूल्य यांचा गुणाकार केला की उत्तर चुकलेच म्हणून समजा.

पायरी ५ : ओलावा आणि 'कोणत्या स्थितीतला' कोळसा

आता सुरुवातीच्या कोळशाकडे वळू. प्रयोगशाळेत नमुना दळून खोलीतल्या हवेशी समतोल होईपर्यंत ठेवतात. वरवरचे पाणी उडून जाते, आतले थोडे राहते. हवेत वाळलेल्या या स्थितीतले मूल्य म्हणजे एडीबी आधार. ढिगातला कोळसा जसा आला तसा, सगळ्या ओलाव्यासकट, म्हणजे एआरबी आधार. याशिवाय पूर्ण कोरडा आणि 'कोरडा व राखविरहित' असेही दोन आधार असतात. शेवटचा सगळ्यात मोठा आकडा देतो, कारण त्यात पाणी आणि राख दोन्ही वगळलेली असतात. कोळशाची जात ओळखायला तो चांगला, पण भट्टीत काय पडणार हे तो सांगत नाही.

आपल्या कोळशाचे हवेत वाळलेले मूल्य ६,००० किलोकॅलरी प्रति किलो, त्या स्थितीतला ओलावा ५ टक्के आणि ढिगातला एकूण ओलावा १५ टक्के धरू. मग

६,००० × (१०० − १५) ÷ (१०० − ५) = ५,३६८

हे झाले आलेल्या स्थितीतले स्थूल मूल्य. त्यातला हायड्रोजन ४ टक्के असेल तर वजावट ५८४ × (०.३६ + ०.१५), म्हणजे २९८. उरले ५,०७० निव्वळ. त्याचेच मेगाज्यूल केले की २१.२. चार कागदांवरचे चार आकडे असे आले.

पूर्ण मोजमाप हाताशी नसेल आणि इंधनाचे घटक माहीत असतील, तर ड्युलाँगचे सूत्र अंदाजाला पुरते :

स्थूल मूल्य (किलोकॅलरी प्रति किलो) = ८,०८० × कार्बन + ३४,५०० × (हायड्रोजन − ऑक्सिजन ÷ ८) + २,२४० × गंधक

हायड्रोजनमधून ऑक्सिजनचा आठवा भाग वजा करायचा, कारण इंधनातल्या ऑक्सिजनने तेवढा हायड्रोजन आधीच पाण्याच्या रूपात अडकवून ठेवला आहे असे हे सूत्र मानते. आपल्या कोळशात कार्बन ५४, हायड्रोजन ४, ऑक्सिजन ८ आणि गंधक ०.५ टक्के असेल तर उत्तर येते ४,३६३ + १,०३५ + ११, म्हणजे ५,४०९. मोजलेल्या ५,३६८ च्या एक टक्क्याच्या आत. लाकडासारख्या भरपूर ऑक्सिजन असलेल्या इंधनाला मात्र हे सूत्र लावू नका. तिथे ते बरेच कमी सांगते.

लाकडाची गोष्ट तर ओलाव्यावरच उभी आहे. पूर्ण कोरड्या लाकडाचे स्थूल मूल्य, जात कोणतीही असो, किलोला १९ ते २१ मेगाज्यूलच्या आसपास असते. जड लाकूड जास्त उष्णता देते असे वाटते ते आकारमानाच्या हिशोबात खरे, वजनाच्या हिशोबात फरक थोडाच. ओलावा मात्र सगळे चित्र पालटतो. कोरड्याचे निव्वळ मूल्य १८.७ धरले तर

१० टक्के ओलावा : १६.६ मेगाज्यूल प्रति किलो
२० टक्के : १४.५
३५ टक्के : ११.३
५० टक्के : ८.१

ताजे तोडलेले झाड अनेकदा ५० टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे त्याच वजनाला निम्म्याहूनही कमी उष्णता. लक्षात घ्या, यातला मोठा तोटा पाणी उकळवण्यात जात नाही; किलोत लाकूडच कमी असते हा मुख्य तोटा. बाष्पीभवनाचा भार ५० टक्के ओलाव्यालाही जेमतेम १.२ मेगाज्यूल आहे. पण ओल्या लाकडाची ज्योत थंड असते, ज्वलन अर्धवट होते, धूर आणि काजळी वाढते, हे नुकसान वेगळे आणि ते या आकड्यांत दिसत नाही.

लाकडाच्या ओलाव्यातही दोन पद्धती आहेत. वर घेतलेली टक्केवारी एकूण वजनावरची. लाकूडकामातले लोक ओलावा कोरड्या वजनावर सांगतात. एकूण वजनावर ५० टक्के म्हणजे कोरड्या वजनावर १०० टक्के. हातातली ओलावामापी काय दाखवते ते तिच्या माहितीपत्रकात बघून घ्या.

पायरी ६ : वायूचा घनमीटर

वायू तापला की फुगतो, दाबला की आकसतो. तेव्हा 'एक घनमीटर' म्हणजे किती वायू, हे तापमान आणि दाब सांगितल्याशिवाय कळत नाही. शून्य अंश आणि एक वातावरण दाबाच्या घनमीटरला सामान्य घनमीटर म्हणतात. 'प्रमाण' घनमीटर १५ अंशांचा असतो, काही ठिकाणी २० अंशांचा, आणि घनफुटांत मोजणारे ६० अंश फॅरनहाइट घेतात. शून्य आणि १५ अंशांत ५.५ टक्के फरक पडतो. मिथेनचे स्थूल मूल्य सामान्य घनमीटरला ३९.८ मेगाज्यूल आणि १५ अंशांच्या घनमीटरला ३७.७, ते यामुळेच.

बायोगॅसला हेच लावा. त्यातला जळणारा भाग मिथेन. उरलेला बहुतांशी कार्बन डायऑक्साइड, जो जळत नाही. मिथेनचे निव्वळ मूल्य सामान्य घनमीटरला ३५.८ मेगाज्यूल, तेव्हा मिथेन ६० टक्के असेल तर बायोगॅसचे ३५.८ × ०.६, म्हणजे २१.५ मेगाज्यूल.

पायरी ७ : नेहमीच्या इंधनांचे आकडे

खालचे आकडे मेगाज्यूल प्रति किलो, आधी स्थूल मग निव्वळ. शुद्ध पदार्थांचे पक्के आहेत. पेट्रोल, डिझेल यांसारखी मिश्रणे थोडी पुढेमागे होतात.

हायड्रोजन : १४२ / १२०
मिथेन : ५५.५ / ५०
प्रोपेन : ५०.३ / ४६.४
ब्यूटेन : ४९.५ / ४५.७
पेट्रोल : ४६.५ / ४३.५
केरोसीन : ४६ / ४३
डिझेल : ४५.५ / ४२.७
जड इंधन तेल : ४३ / ४०.५
इथेनॉल : २९.७ / २६.८
मिथेनॉल : २२.७ / १९.९
शुद्ध कार्बन : ३२.८ / ३२.८
कार्बन मोनॉक्साइड : १०.१ / १०.१

दगडी कोळसा या यादीत मुद्दाम घातलेला नाही. हलक्या प्रतीच्या लिग्नाइटपासून उच्च प्रतीच्या अँथ्रासाइटपर्यंत तो दहा-बारापासून तेहतीसपर्यंत कुठेही असू शकतो. 'कोळशाचे कॅलरीमूल्य किती' हा प्रश्नच अपुरा आहे.

यादी नीट पाहिली तर दोन गोष्टी दिसतात. हायड्रोजन वाढला की आकडा चढतो. आणि रेणूत ऑक्सिजन असेल तर उतरतो, कारण असे इंधन एका अर्थी अर्धवट जळलेलेच असते.

वजनाचा हा क्रम आकारमानाला लागू होत नाही. लिटरमागे निव्वळ मूल्य पाहिले तर डिझेल सुमारे ३६ मेगाज्यूल, पेट्रोल ३२, इथेनॉल २१ आणि द्रवरूप हायड्रोजन अवघे ८.५. किलोमागे पहिला असलेला हायड्रोजन टाकीच्या मापात तळाला जातो. डिझेल लिटरमागे पेट्रोलपेक्षा सरस ठरते तेही घनतेमुळे. किलोमागे ते किंचित मागेच आहे.

पायरी ८ : प्रत्यक्ष हिशोब

१०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायचे आहे. लागणारी उष्णता १०० × ४० = ४,००० किलोकॅलरी, म्हणजे १६.७५ मेगाज्यूल किंवा ४.६५ किलोवॉट-तास. ही गरज इंधन कोणतेही असले तरी तेवढीच राहते. आता कार्यक्षमता घाला, निव्वळ मूल्यावरची :

एलपीजी, मूल्य ४६, हीटरची कार्यक्षमता ८० टक्के : १६.७५ ÷ (४६ × ०.८) = ०.४६ किलो.
लाकूड, २० टक्के ओलावा, मूल्य १४.५, बंबाची कार्यक्षमता ३० टक्के : ३.८५ किलो.
विजेचा हीटर, ९५ टक्के : ४.९ युनिट.
उष्णता-पंप, दर युनिटामागे तीन युनिट उष्णता देणारा : १.५५ युनिट.

दोन इंधनांची तुलना करायची तर किलोचा किंवा लिटरचा भाव बाजूला ठेवा. भाव ÷ (कॅलरीमूल्य × कार्यक्षमता) केले की उपयोगी मेगाज्यूलमागचा खर्च मिळतो, आणि तुलना फक्त त्याचीच होऊ शकते. स्वस्त पण ओले, राखेने भरलेले इंधन इथे अनेकदा महाग निघते.

विजेबाबत एक टीप. एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी हे खरे, पण औष्णिक केंद्राची कार्यक्षमता ३५ टक्के असेल तर ते युनिट तयार करायला ८६० ÷ ०.३५, म्हणजे सुमारे २,४६० किलोकॅलरीचे इंधन जळालेले असते. या आकड्याला हीट रेट म्हणतात. तोही स्थूलवरचा की निव्वळवरचा, हे विचारावे लागतेच.

पायरी ९ : कार्यक्षमता स्वतः मोजा

वरच्या हिशोबातला सगळ्यात कच्चा आकडा कार्यक्षमतेचा असतो, आणि तो पुस्तकातून उचलण्यापेक्षा मोजणे सोपे आहे. एक वजनकाटा आणि एक तापमापी लागते. गॅसची शेगडी असेल तर छोटी टाकी काट्यावर ठेवून आधी वजन करा. भांड्यात ५ किलो पाणी घ्या, झाकण ठेवा, तापमान नोंदवा आणि ९५ अंशांपर्यंत तापवा. उकळी फुटू देऊ नका. एकदा उकळी आली की तापमान चढत नाही आणि इंधन मात्र जळत राहते.

पाणी २५ वरून ९५ अंशांवर गेले तर त्याने ३५० किलोकॅलरी, म्हणजे १,४६५ किलोज्यूल घेतले. टाकीचे वजन ५५ ग्रॅमने कमी झाले असेल तर इंधनाने दिले ०.०५५ × ४६,००० = २,५३० किलोज्यूल. कार्यक्षमता ५८ टक्के. शेवटी भांड्याचेही पुन्हा वजन करा. ५० ग्रॅम पाणी वाफ होऊन गेले असेल तर त्यानेही किलोला सुमारे २,२५७ च्या दराने ११३ किलोज्यूल घेतलेले असतात. ते मिळवले की आकडा ६२ टक्क्यांवर जातो. भांडे जड असेल तर त्याने शोषलेली उष्णताही थोडी भर घालते, पण पातळ भांड्यात ती सोडून दिली तरी चालते.

लाकडाच्या चुलीवर हीच चाचणी करताना शेवटी उरलेले निखारे वेगळे तोला. त्यांचे मूल्य किलोला साधारण ३० मेगाज्यूल असते. जळलेल्या लाकडाच्या उष्णतेतून ते वजा केले नाहीत तर चूल आहे त्यापेक्षा वाईट दिसेल. चाचणी थंड चुलीपासून एकदा आणि तापलेल्या चुलीपासून एकदा, अशी दोन्ही प्रकारे करा आणि आकडे वेगवेगळे लिहून ठेवा, कारण जड मातीच्या चुलीत ते बरेच वेगळे येतात.